जुन्या रायफलची नळी मोठ्या बोअरची करण्याआधी या चुका टाळा

पूर्व विदर्भातील जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत, तसेच वऱ्हाडातील देशमुख-पाटलांच्या घरांत आजोबांच्या काळातील शिकारीची रायफल आजही परवान्यासह जपलेली आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, परंतु वारशाने आलेले हत्यार कुणी सहजासहजी सोडत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाच्या निमित्ताने ते पेटीतून बाहेर निघते, नळीत डोकावल्यावर आतले चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, पुसट दिसतात आणि घरी आलेला एखादा जाणता माणूस सांगतो, "नळी गेली, आता एक बोअर मोठी करून घ्या." बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा आतला व्यास. हा सल्ला जितक्या सहज दिला जातो, तितक्याच सहज तो मानला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

नळी खरोखर झिजली आहे की नुसती घाण झाली आहे, हे आधी ठरवावे लागते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून मगच नळीत पाहावे. अनेक वर्षे साचलेला तांब्याचा थर चरांमध्ये भरून राहतो आणि नळी गुळगुळीत झाल्याचा भास होतो. अमोनियायुक्त द्रावणात भिजवलेली चिंधी नळीतून फिरवल्यावर ती निळसर-हिरवी निघत असेल, तर तो थर अजून शिल्लक आहे असे समजावे. ती तशी निघेनाशी होईपर्यंत नळीच्या प्रकृतीविषयी कोणतेही मत बनवू नये.

गंजाचे कारणही नीट समजून घ्यायला हवे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरे. हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि पोलादाला खड्डे पाडतो. आपल्याकडे सफाई म्हटली की रॉकेलचा डबा पुढे येतो, परंतु रॉकेलमध्ये किंवा तेलात हा क्षार विरघळत नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणून त्या काळी गोळीबारानंतर नळी आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, मग तेल लावण्याची पद्धत होती. घरात सहज मिळते म्हणून जवसाचे तेल बोल्टला लावण्याची सवयही अशीच घातक ठरते. हे तेल लाकडी दस्त्याला उत्तम, मात्र लोखंडावर ते वाळून वार्निशसारखा चिकट पापुद्रा धरते. चामड्याच्या खोळीत रायफल वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण पावसाळ्यातला दमटपणा ती खोळ शोषून घेते आणि पोलादाला लावून ठेवते.

नेम चुकतो म्हणजे संपूर्ण नळी निकामी झाली, असेही नाही. लक्ष्यावर गोळीचे छिद्र गोल न पडता लांबट पडत असेल, तर गोळी आडवी होऊन जात आहे हे खरे, परंतु त्याचा दोष पुष्कळदा नळीच्या तोंडाशी असलेल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच असतो. सफाईची लोखंडी सळई तोंडाकडून वारंवार घातल्यामुळे तिथली कड एका बाजूने घासली जाते. अशा वेळी परवानाधारक कारागीर तोंडाजवळचा भाग आतून थोडा मोकळा करून कड नव्याने साधून देऊ शकतो, आणि हे काम बोअर बदलण्याच्या मानाने फारच लहान आहे. दस्त्याचे स्क्रू ढिले असणे हे त्याहूनही साधे कारण, पण ते शेवटी तपासले जाते.

मोजमापात होणारी एक चूक तर चांगले फिटर लोकही करतात. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ढकलून त्यावर उमटलेला ठसा मोजण्याची पद्धत योग्य आहे. मात्र एनफिल्ड घडणीच्या नळ्यांना पाच चर असतात, त्यामुळे प्रत्येक चराच्या बरोबर समोर चर न येता दोन चरांमधला उंचवटा येतो. साध्या व्हर्नियरने असा ठसा मोजल्यास चराचा व्यास कमी भरतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर पुढचे सगळे हिशेब उभे राहतात.

सर्वांत मोठा गैरसमज .३०३ बोअरच्या बाबतीत आढळतो. हा बोअर निषिद्ध वर्गात मोडतो, तर .३१५ बोअरची रायफल सामान्य परवान्यावर मिळते. ब्रिटिश काळात लष्करी बोअर नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावरून .३१५ आपल्याकडे रुळला. दोन आकड्यांमधला फरक ०.०१२ इंच, म्हणजे जेमतेम ०.३ मिलीमीटर, एवढाच दिसत असल्याने "रीमर (नळी आतून कोरण्याचे हत्यार) फिरवला की झाले" असे वाटू लागते. प्रत्यक्षात .३०३ हे माप उंचवट्यांमधले असते. चरांचा व्यास सुमारे .३११ ते .३१४ पर्यंत असतोच. त्यामुळे .३१५ पर्यंत नळी कोरली तरी गंजाचे खोल खड्डे जागच्या जागी राहतात, आणि नव्याने चर पाडायचे ते मात्र त्यांच्यावरूनच पाडावे लागतात.

त्याहून मोठी अडचण चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीची आहे. .३०३ च्या काडतुसाचे कवच सुमारे ५६ मिलीमीटर लांब असते, .३१५ चे सुमारे ५० मिलीमीटर, आणि बुडाशी मात्र तेच अधिक जाड असते. चेंबर कोरून मोठे करता येते, लहान करता येत नाही. अशा चेंबरमध्ये आखूड कवचाच्या खांद्याला आणि तोंडाला आधारच मिळत नाही, ते फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

बोअर मोठा करणे ही कला अस्तित्वात नाही असे नव्हे. परंतु तिच्यासाठी नळीची भिंत पुरेशी जाड असावी लागते, नळीत कुठेही फुगवट्याचे काळे कडे दिसता कामा नये, बोल्टचे तोंड, एक्स्ट्रॅक्टर (रिकामे कवच ओढून काढणारा आकडा) आणि मॅगझिन नव्या काडतुसाशी जुळावे लागते, हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांमधली फट, गेजने तपासावी लागते आणि शेवटी जादा दाबाच्या काडतुसाने प्रूफ चाचणी घ्यावी लागते. जुन्या विलायती नळ्यांवर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे शिक्के दिसतात. ते मूळ बोअरपुरतेच खरे असतात, नळी कोरल्यानंतर त्यांची हमी संपते. ट्रॅक्टरचे बुश उत्तम काढणारा तालुक्याचा लेथवाला यांपैकी एकही गोष्ट तपासू शकत नाही. त्याच्या हाताला दोष नाही, हे काम त्याचे नव्हे.

शिवाय असे काम विनापरवाना करणे हा गुन्हाही ठरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करणाऱ्याकडे स्वतंत्र परवाना असावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील बंदूक दुसऱ्या वर्गात बदलण्याचा स्पष्ट उल्लेख कलम ६ मध्ये आला. कलम २५ खाली याची शिक्षा किमान सात वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. मालक आपल्या परवान्यावर भिस्त ठेवतो, पण तो परवाना हत्यार बाळगण्याचा आहे, ते बदलण्याचा नाही. मूळ परवानाधारक वारला असेल, तर कलम २१ प्रमाणे रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपला अर्ज करावा; तोवर नळीचा विषय काढूच नये.

इतके सगळे पाहूनही कुणाला बोअर बदलायचाच असेल, तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी, मंजुरी मिळाल्यावरच रायफल परवानाधारक कारागिराकडे द्यावी आणि काम झाल्यावर नवा बोअर नळीवर व परवान्यावर दोन्हीकडे नोंदवून घ्यावा. नळीवर जुनाच आकडा राहिला, तर वीस वर्षांनी घरातला नातू त्या आकड्यावर विसंबून काडतूस भरेल.