यकृतकृमीच्या लसीची चाचणी : रेडकं निवडण्यापासून कृमी मोजण्यापर्यंत

फॅसिओला जायगँटिका या चपट्या यकृतकृमीवर बाजारात अजून लस नाही. प्रतिजन, म्हणजे लसीत घालायची कृमीची प्रथिनं, पुष्कळ तपासून झालेत: कॅथेप्सिन एल, जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज), ल्युसिन अमिनोपेप्टिडेज. तोच प्रतिजन एका चाचणीत चालतो, दुसरीत फसतो. दोष अनेकदा मांडणीचाच असतो.

अवघड काम म्हणजे जनावरं मिळवणं. जायकवाडीच्या कालव्यावर चरलेलं रेडकू घेऊ नका. हा कृमी वाढवणाऱ्या लिम्निया गोगलगायींच्या पाणथळात त्याला आधीच लागण झालेली असू शकते. औषध पाजून ते चाचणीलायक होत नाही. ऑक्सिक्लोझानाइडने कोवळे कृमी मरत नाहीत. ट्रायक्लाबेंडाझोलने मरतात, पण जनावराच्या शरीराला कृमीची ओळख झालेली असते, ती पुसत नाही. भूम-आष्टीच्या माळावरची, दावणीला वाढलेली ६ ते ८ महिन्यांची टोणगी बघा. शेवटी कापायचीच असतात, माद्या कशाला घालवायच्या? आठवड्याच्या अंतराने तीनदा शेण गाळ पद्धतीने (अंडी तळाशी बसवून) तपासा, रक्ताची एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) करा. खायला कोरडवाहू ज्वारीचा कडबा आणि ढेप, प्यायला बोअरचं पाणी. कालव्याकाठचं हिरवं गवत गोठ्यात येताच कामा नये. गडी कौतुकाने एखादी पेंढी टाकतो आणि चाचणी तिथेच संपते.

गट तीन: लस, नुसतं अ‍ॅडजुव्हंट (लसीचा जोर वाढवणारं द्रव्य), आणि काहीच नाही. कृमींची संख्या जनावरागणिक फार बदलते, म्हणून गटात निदान ८ ते १० हवीत. वजनानुसार जोड्या लावून चिठ्ठ्या टाका. प्राणीप्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी खरेदीआधीच घ्या.

कॅथेप्सिन एल शक्यतो पिकिया यीस्टमध्ये तयार करा, ई. कोलाय जिवाणूत प्रथिनाची घडी चुकून गुठळ्या होतात. २०० मायक्रोग्रॅम प्रथिन मोंटानाइड या तेलकट अ‍ॅडजुव्हंटमध्ये घोटून मानेत टोचा, ४ आठवड्यांनी पुन्हा. दुसऱ्या टोच्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ५०० मेटासर्केरिया (कृमीच्या कोषातल्या, लागण करणाऱ्या अळ्या) कॅप्सूलमधून गिळवा. ते ४ अंशांवर पाण्यात ठेवलेले, ताजे असावेत. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत किती ते आधी मोजा. माणसालाही त्यांची लागण होते, हातमोजे सोडू नका.

रक्त दर पंधरवड्याला. यकृताची इजा दाखवणाऱ्या विकरांपैकी जीएलडीएच आधी चढतं, कृमी पित्तनलिकांत पोचले की जीजीटी. लागणीनंतर सुमारे २० आठवड्यांनी यकृत काढा, पित्ताशय उघडा, नलिका कापून बघा. मग यकृताच्या सेंटिमीटरभर पट्ट्या कोमट सलाइनमध्ये ठेवून पिळा, चाळणीतून गाळा. तुटलेल्या कृमींत फक्त डोक्याकडचे तुकडे मोजा, नाहीतर एकाचे दोन होतात. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

संरक्षण म्हणजे नियंत्रण (लस न मिळालेल्या) गटाच्या कृमींच्या सरासरीतून लसगटाची वजा करून, नियंत्रणाच्या सरासरीने भागून, १०० ने गुणणं. नियंत्रण गटातच जेमतेम चार-दोन कृमी निघाले, तर मेटासर्केरिया मेलेले होते असं धरा आणि टक्केवारी काढूच नका.