काट्याचा नायटा : शरीरातल्या ‘परग्रही चिप’बद्दल विचार करताना या चुका टाळा

माझ्या डाव्या टाचेत एक काच आहे. सातवीत असताना फुटक्या बाटलीवर पाय पडला होता, जखम भरली आणि मी विसरून गेलो. बावीस वर्षांनी घोटा मुरगळला म्हणून एक्स-रे काढला, तर टाचेच्या हाडाखाली तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. “हे काय आहे?” असं एक्स-रे काढणाऱ्याने मलाच विचारलं. मला सांगता येईना. बाटली आठवायला दोन दिवस लागले, आणि तीही आईला आठवली.

आईला आठवली नसती तर? आणि मी १९९५ साली कॅलिफोर्नियात असतो, रात्री उडत्या तबकड्यांवरचे कार्यक्रम बघत असतो तर? तिथे रॉजर लेअर नावाचे पायांचे डॉक्टर होते. त्यांनी ऑगस्ट १९९५ मध्ये अशा ‘परग्रहवासीयांनी बसवलेल्या’ वस्तू काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे २०१४ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत असे डझनभराहून जास्त तुकडे त्यांनी काढले. तुकडे खरे होते. माणसांच्या शरीरातून खरोखरच निघाले होते. गोंधळ आहे तो पुढच्या वाक्यात : “म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम बसवले.” त्या वाक्यापर्यंत पोचताना माणसं कुठे घसरतात, ते बघू.

‘आठवत नाही’ याचा अर्थ ‘कुणीतरी घातलं’ असा लावणं

कातडीवर व्रण नाही, रुग्णाला काही लागल्याचं आठवत नाही, मग ही वस्तू आत गेली कशी? हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. अनवाणी चाललेल्या माणसाला विचारा. बारीक काच, तारेचा तुकडा किंवा काटा आत शिरायला सुईएवढं भोक पुरतं, आणि तळपायाची जाड कातडी ते काही आठवड्यांत बुजवून टाकते. आपल्याकडे जुनं कुरूप कापलं की आत कधीकाळी मोडलेल्या काट्याचं टोक सापडतं, तेव्हा कुणी आकाशाकडे बघत नाही.

दुसरा दावा थोडा वैद्यकीय वाटतो, म्हणून जास्त फसवतो. तुकड्याभोवती चिवट आवरण होतं आणि सूज किंवा पू नव्हता, म्हणजे शरीराने तो ‘आपला’ मानला, असं सांगतात. प्रत्यक्षात शरीर हेच करतं. बाहेरची वस्तू आत आली की पांढऱ्या पेशी तिला गिळायला बघतात. ती मोठी असली तर पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी होतात. त्यांनाही ती पचली नाही, तर भोवती तंतूंची भिंत बांधून प्रकरण बंद करतात. वस्तू निर्जंतुक आणि निष्क्रिय असली तर भिंत बांधल्यावर दुखणंही थांबतं. युद्धातल्या कित्येक सैनिकांच्या अंगात गोळ्यांचे तुकडे आयुष्यभर असेच राहतात, आणि ते काढण्याने जास्त नुकसान होईल म्हणून सर्जन मुद्दाम आत ठेवतात. ज्या गोष्टीला इथे चमत्कार म्हटलं जातं, ती विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) पाठ्यपुस्तकातली नेहमीची गोष्ट आहे.

आणखी एक बाब मला मजेशीर वाटते. लेअर पायांचे डॉक्टर, आणि त्यांना बऱ्याच वस्तू पायांत सापडल्या. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांच्याकडे एका मुलाच्या तोंडातून निघालेला असाच ‘इम्प्लांट’ (म्हणजे बसवलेली वस्तू) तपासायला आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो दाढेत भरायचं अमाल्गम निघाला.

सावलीला यंत्र समजणं

एक्स-रे ही सावली आहे. वस्तू कशाची, हे ती सांगत नाही. किती दाट, एवढंच सांगते. एकाच बाजूने काढलेल्या चित्रात कातडीवर चिकटलेला कणही आत असल्यासारखा दिसतो, म्हणून दोन दिशांनी चित्र घ्यायचं असतं. पायाच्या अंगठ्याखाली दोन छोटी गोल हाडं प्रत्येकाला असतात, काहींमध्ये त्यातलं एखादं जन्मतःच दोन तुकड्यांत असतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती हमखास ‘बसवलेली’ वाटतात. उलट बाभळीचा काटा एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. त्याला सोनोग्राफी लागते.

लॅबचा अर्धाच रिपोर्ट वाचणं

लेअर यांचे काही तुकडे न्यू मेक्सिकोतल्या प्रयोगशाळांपर्यंत गेले, आणि ‘उल्केतल्या लोखंडाशी साम्य’ एवढा शब्दप्रयोग तिथून बाहेर पडून जगभर फिरला. समजा, साम्य आहे. उल्का म्हणजे दगड आणि धातू, त्यात यंत्र कुठून आलं? आपल्या लोणारला उल्का पडून १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं, तरी ती कुणी ‘पाठवली’ असं म्हणत नाही.

शिवाय निकेल सापडलं एवढ्यावर उल्कासुद्धा सिद्ध होत नाही. लोखंडी उल्केत साधारण पाच टक्क्यांहून जास्त निकेल असतं हे खरं. पण चांगल्या स्टीलच्या चमच्यामागे १८/८ लिहिलेलं असतं, त्यातला ८ म्हणजे आठ टक्के निकेलच. उल्का ओळखायची तर धातू घासून, आम्लाने धुऊन आतली एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी बघतात. ती नक्षी धातू लाखो वर्षं अतिशय सावकाश थंड झाला तरच तयार होते, आणि कणीएवढ्या तुकड्यात ती बघायला मिळणं कठीण.

मग खरा पुरावा कसला असेल? समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचं, प्रमाण हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. पृथ्वीवर कुठूनही मॅग्नेशियम घ्या, त्यात २४, २५ आणि २६ वस्तुमानांकाचे अणू साधारण ७९, १० आणि ११ टक्के असतात. यात मोठा फरक दिसला तर कान टवकारावेत. तरीही समस्थानिकं वेगळी करण्याची यंत्रं पृथ्वीवरही आहेत, म्हणून दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकच उत्तर द्यायला हवं. ‘यात अकरा मूलद्रव्यं सापडली’ यासारखी वाक्यं मात्र सोडून द्या. रस्त्यावरच्या मातीतही सापडतात.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९२ साली परग्रहवासीयांकडून अपहरण झाल्याच्या दाव्यांवर परिषद भरली होती. आयोजकांपैकी एक, डेव्हिड प्रिचर्ड, अणूंवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी असा एक नमुना थट्टा न करता, नेटाने तपासून घेतला. निघालं ते असं : माणसाच्याच ऊतींचे थरावर थर, आणि त्यांत कापडाचे सुती धागे. मला ही तपासणी आवडते. उत्तर साधं आलं, तरी प्रश्न गांभीर्याने विचारला होता.

कुणाला खरोखर निकाल लावायचा असेल तर परीक्षा अवघड नाही. पाच ‘परग्रही’ तुकडे घ्या, कोणत्याही सरकारी रुग्णालयात मजुरांच्या हातापायांतून निघालेले पाच तुकडे घ्या, नावं झाकून लॅबला द्या आणि वेगळे करायला सांगा.

मीटरची सुई हलली म्हणून भारावणं

तुकड्याजवळ मीटरची सुई हलली, म्हणजे त्यातून संदेश जातो, असं सांगतात. पण हातात धरायचा चुंबकीय क्षेत्राचा मीटर घरातल्या वायरिंगजवळ, मोबाइलजवळ, फ्रीजजवळही हलतो. कुत्र्यामांजरांना बसवतात ती चिप बघा : सुमारे १२ मिलिमीटर, आत बॅटरी नाही, आणि वाचायला रीडर अगदी जवळ न्यावा लागतो. टाचेतून दूर आकाशात संदेश पाठवायचा तर वीज आणि अँटेना कुठून आणणार?

संमोहनाला टेपरेकॉर्डर मानणं

सप्टेंबर १९६१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याला रात्री गाडी चालवताना आकाशात एक दिवा दिसला. १९६४ मध्ये डॉक्टर बेंजामिन सायमन यांनी त्यांना संमोहित केलं, तेव्हा यान, तपासणी आणि बेंबीत खुपसलेली सुई असं सगळं ‘आठवलं’. सुईवाल्या अशा गोष्टी पुढच्या असंख्य कहाण्यांत येत राहिल्या. स्वतः सायमन यांचं मत मात्र असं होतं की अपहरणाचा भाग बेटी यांच्या स्वप्नांतून आला. संमोहनात माणसाला जास्त आठवत नाही. तो जास्त खात्रीने बोलतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो.

झोप आणि जाग यांच्या सीमेवर शरीर लुळं पडतं, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणी उभं दिसतं. गावाकडे त्याला भुताचं नाव मिळतं, कॅलिफोर्नियात राखाडी, मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याचं. दुसऱ्या दिवशी अंगावर एखादी गाठ सापडली की कथा पूर्ण.

हसणं

ही आपल्यासारख्या चिकित्सक म्हणवणाऱ्यांची चूक. हार्वर्डमध्ये रिचर्ड मॅकनॅली आणि सुझन क्लॅन्सी यांनी अपहरण झाल्याचं सांगणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. २००४ च्या प्रयोगात अशा दहा जणांना त्यांचीच हकिगत ऐकवली, तेव्हा त्यांचं हृदय आणि घाम मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांसारखा प्रतिसाद देत होते. भीती खरी होती, कारण चुकीचं. करणी काढतो म्हणून पोटातून खिळे आणि केस ‘काढणारा’ भोंदू हातचलाखी करतो. पायातला तुकडा घेऊन आलेला माणूस सहसा फसवत नसतो, त्याला फसवेगिरीच्या यादीत बसवू नका.

आणि खरंच काही लागत असेल तर

टाचणीने कोरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. दोन दिशांनी एक्स-रे, न दिसल्यास सोनोग्राफी. काढलेला तुकडा भोवतालच्या मांसासकट विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवायला सांगा, डबीत भरून घरी नेऊ नका. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलं असेल तर एमआरआयच्या आधी नक्की सांगा. डोळ्यातला लोखंडाचा कण त्या चुंबकाने हलू शकतो.

माझी काच मी काढली नाही. सर्जन म्हणाले, “दुखत नाही ना? मग राहू द्या.” मागच्या वर्षी गुडघ्याच्या एमआरआयला गेलो, तेव्हा ‘शरीरात बाहेरची वस्तू’ या रकान्यासमोर ‘काच, इयत्ता सातवी’ असं लिहिलं. फॉर्म घेणारी मुलगी हसली आणि म्हणाली, “काका, काचेचं काही नाही, घड्याळ तेवढं काढा.”