लायगो समजून घ्यायचंय? आधी टेबलावर पट्टे मिळवा

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी, कशा पकडतात हे समजून घ्यायला बहुतेक जण ताणलेल्या रबरी चादरीच्या चित्रापासून सुरुवात करतात. ते चित्र बाजूला ठेवा आणि एक मायकेलसन इंटरफेरोमीटर स्वतः जुळवा: प्रकाशाचा झोत दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणारं आणि वाटांच्या लांबीतला फरक उजेड-अंधाराच्या पट्ट्यांतून दाखवणारं यंत्र. मी प्रॅक्टिकलला मुलांकडून आधी तेच करून घेते. या लहरी पकडणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या यंत्रातला मूळ प्रयोग हाच आहे. पुढची सगळी कारागिरी लागते ती गोंगाट हटवायला.

सामान फार नाही. लाल लेसर पॉइंटर, एक बीम स्प्लिटर (अर्धा प्रकाश आरपार सोडणारा, अर्धा वळवणारा), दोन आरसे, एक छोटं भिंग आणि पडद्याला पांढरा कागद. आरसे पुढच्या बाजूने मुलामा दिलेलेच हवेत. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेच्या पृष्ठभागावरून आणखी एक फिकट प्रतिबिंब येतं आणि गोंधळ होतो. निदान एका आरशाला कल बदलायचे बारीक स्क्रू असू द्या. सगळं जड धातूच्या किंवा दगडाच्या पाटावर पक्कं बसवा. लेसर किंवा त्याचा परावर्तित झोत डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण दर वर्षी येते.

बीम स्प्लिटर झोताशी ४५ अंशांत ठेवा. दोन झोत काटकोनात फुटतील. प्रत्येकाच्या वाटेत साधारण १० सेंटिमीटरवर आरसा उभा करा. दोन्ही भुजांच्या, म्हणजे स्प्लिटरपासून आरशापर्यंतच्या वाटांच्या, लांबीतला फरक एखाद-दोन मिलिमीटरच्या आत ठेवा, कारण स्वस्त लेसरचा प्रकाश फार लांबपर्यंत स्वतःशी ताल राखत नाही. परतलेले झोत स्प्लिटरवर एकत्र येऊन पडद्याकडे जातील.

आता खरं कसब. भिंग अजून लावू नका. पडद्यावर बरेच ठिपके दिसतील. एक आरसा हाताने झाका. जो ठळक ठिपका गेला तो त्याचा. दुसऱ्याचाही असाच ओळखा आणि स्क्रू फिरवून दोघांना एकमेकांवर आणा. अचूक बसले की ठिपका लुकलुकायला लागतो. तेव्हा स्प्लिटर आणि पडद्याच्या मध्ये भिंग धरा. प्रकाशाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतील. पट्टे बारीक आणि दाट असतील तर आरसे अजून तिरके आहेत. ज्या दिशेला फिरवल्यावर पट्टे रुंदावतात त्या दिशेने स्क्रू फिरवत राहा.

पट्टे मिळाले की हात बाजूला घ्या आणि नुसतं बघा. एका भुजेखाली तळहात धरला तर गरम हवेने पट्टे वाहायला लागतात. टेबलावर बोट दाबलं की सरकतात, कुणी शेजारून चालत गेलं तरी थरथरतात. एक पट्टा सरकून दुसऱ्याच्या जागी आला म्हणजे आरसा अर्ध्या तरंगलांबीने हलला. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला हे अंतर ३२५ नॅनोमीटर. नुसत्या डोळ्यांनी एक दशांश पट्टा ओळखता येतो, म्हणजे साधारण ३० नॅनोमीटर.

इथे कागद-पेन्सिल घ्या. १० सेंटिमीटरच्या भुजेत ३० नॅनोमीटर म्हणजे सुमारे ३३ लाखांत एक भाग. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडलेल्या पहिल्या लहरीने भुजांच्या लांबीत पाडलेला फरक, लांबीच्या तुलनेत, होता १० च्या उणे २१ व्या घाताइतका. लायगोच्या ४ किलोमीटरच्या भुजेत तो प्रोटॉनच्या व्यासाचा जेमतेम चारशेवा भाग भरतो. तुमचं यंत्र आणि ते यंत्र यांत १ वर १४ शून्यांहून मोठी दरी आहे. ती कशी भरतात?

भुजा ४०,००० पट लांब केल्या. प्रत्येक भुजेत एक जादा आरसा बसवून प्रकाशाला सुमारे ३०० खेपा घालायला लावल्या. इथे १ कोटी २० लाख पट काम झालं. उरलेलं अडीच कोटी पट काम प्रकाश मोजण्याच्या बारकाईतून येतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून, अनियमित येतात. जितके मोजाल त्याच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता राहते, म्हणजे फोटॉन वाढले की एकूणच्या मानाने ती कमी होते. म्हणून प्रकाश भरपूर हवा. त्या पहिल्या नोंदीच्या वेळी लेसर २० वॉटचा होता, पण स्प्लिटरवर ७०० वॉट पडत होते आणि प्रत्येक भुजेत १०० किलोवॉट खेळत होते.

२० चे ७०० झाले कसे? तुमच्या टेबलावर स्क्रू फिरवून पडद्याचा मधला भाग काळा करा आणि विचारा, प्रकाश गेला कुठे? तो लेसरकडे परत गेला. लायगो जवळजवळ असाच काळ्या पट्ट्यावर धरून ठेवतात आणि लेसरकडे निघालेला प्रकाश आणखी एका आरशाने पुन्हा आत ढकलतात. मला या यंत्रातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते.

गरम हवेवर उपाय म्हणजे सबंध वाट निर्वात नळीत. हादऱ्यांचा उपाय मात्र करून बघा. दोरीला वजन टांगा आणि वरचं टोक सावकाश हलवा. वजन सोबत येतं. भराभर हलवा, वजन जवळपास जागेवर राहतं. लोलकाच्या स्वतःच्या वारंवारितेच्या १० पट वेगाने हलवलं तर वजन १०० पट कमी हलतं. लायगोचे ४० किलोचे आरसे अशा एकाखाली एक चार टप्प्यांना टांगलेत, शेवटचा टप्पा काचेच्या तंतूंचा. तरीही साधारण १० हर्ट्झच्या खाली जमीनच जिंकते.

एक प्रश्न हमखास येतो: लहर भुजा ताणते तसा आतला प्रकाशही ताणत असेल, मग कळणार कसं? ताणला जातो, पण तो काही मिलिसेकंदांत बाहेर पडतो. मागून लेसरचा ताजा प्रकाश येतच असतो, आणि लांबलेली भुजा पार करायला त्याला जास्त वेळ लागतो. फरक पडतो तो या वेळेत.

शेवटी खरा डेटा उघडा. २०१५ च्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या लायगोच्या दोन्ही केंद्रांच्या घ्या. ही केंद्रं सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे स्थानिक हादरा दोन्हीकडे सारखा उमटत नाही. ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं गाळा, विजेच्या तारांची ६० हर्ट्झची गुणगुण काढून टाका. मग हॅनफर्डचा आलेख ६.९ मिलिसेकंद मागे सरकवा, उलटा करा आणि लिव्हिंग्स्टनच्या आलेखावर ठेवा. उलटा करायचा कारण दोन्ही ठिकाणच्या भुजांची दिशा वेगळी आहे. सुमारे ०.२ सेकंदांत ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेली तीच नक्षी दोन्हीकडे दिसेल. वारंवारितेचा हा टप्पा कानाला ऐकू येणारा आहे, तेव्हा आवाजात बदलूनही ऐका. फक्त चांगला इअरफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरला ३५ हर्ट्झ झेपत नाहीत.