ट्रेलर ओढायला जुनी मिनीव्हॅन घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरात मिनीव्हॅन येते ती बहुतेक वेळा दुसऱ्या मुलाच्या पाठोपाठ, नाहीतर आई-बाबांचा व्हिसा झाल्यावर. सहा माणसं, त्यांच्या बॅगा आणि स्ट्रोलर एकदा एसयूव्हीत कोंबून बघितलं की सरकत्या दारांचं महत्त्व पटतं. मग एखाद्या उन्हाळ्यात पॉप-अप कॅम्परची (गाडीमागे ओढायच्या घडीच्या तंबूची) टूम निघते, किंवा मंडळाच्या गणपतीचं मखर आणि स्पीकर शाळेच्या हॉलपर्यंत न्यायला ट्रेलर लागतो. आपली व्हॅन हे ओढेल का, हा प्रश्न तेव्हा सुचतो. गाडी दारात उभी असते, हप्ते सुरू झालेले असतात.

गाडी भरवशाची आहे का आणि ती वजन ओढेल का, या दोन गोष्टी लोक वेगवेगळ्या तपासतात. मिनीव्हॅनमध्ये त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात: ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समध्ये. ओढण्याचा ताण तिथे पडतो, जुनी व्हॅन मोडते तीही बऱ्याचदा तिथेच, आणि दुरुस्तीचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

मॉडेलचा आकडा समोरच्या गाडीला लावणं

'मिनीव्हॅन साडेतीन हजार पौंड ओढते' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. टोयोटा सिएनाचं २०२० पर्यंतचं व्ही-सिक्स इंजिनाचं मॉडेल ३,५०० पौंडांचं. २०२१ पासून सिएना फक्त हायब्रिड झाली आणि आकडा थेट १,५०० वर आला. होंडा ओडिसी २०११ ते २०१७ या पिढीत ३,५०० होती, २०१८ च्या नव्या पिढीत तिची काही मॉडेल ३,००० वर आली. म्हणजे जास्त पैसे मोजून नवी गाडी घेतली की ती जास्त ओढेल, हा हिशेब इथे उलटा पडतो.

डॉज ग्रँड कॅरव्हॅन आणि क्रायस्लर पॅसिफिका ३,६०० पौंडांपर्यंत जातात, पण कंपनीचं टो पॅकेज (ओढण्यासाठीची खास जोडसामग्री) असेल तरच. पॅसिफिका हायब्रिडने काहीही ओढू नये असं कंपनीच सांगते. जाहिरातीत विक्रेता 'पॅसिफिका, ३,६०० पौंड' असं बिनधास्त लिहितो आणि मागच्या दारावरचा हायब्रिडचा बिल्ला फोटोत येत नाही. किया सेडोना आणि तिच्या जागी आलेली, हायब्रिड नसलेली कार्निव्हल या दोघी ३,५०० च्या.

त्या वर्षाचं ओनर्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. गाडी बघायला निघण्याआधी त्यातलं टोइंगचं प्रकरण वाचा. डीलरच्या सेल्समनला विचारू नका. त्याला माहीत नसतं, आणि नाही म्हणायची त्याला सवय नसते.

माणसांचं वजन न धरणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. सनरूफ, डीव्हीडी प्लेयर, विजेवर चालणाऱ्या सीट असलेल्या महागड्या मॉडेलमध्ये तो कमी भरतो.

समजा स्टिकरवर १,२५० पौंड लिहिलंय. तुम्ही दोघं मिळून ३२०, आई-बाबा २७०, दोन मुलं १२०. झाले ७१०. आता ट्रेलर जोडला. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे व्हॅनमागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर, पडायला हवा, नाहीतर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. ३,५०० पौंडांच्या ट्रेलरचा भार कमीत कमी ३५०. हा भार व्हॅनच्याच खात्यात मोजायचा. हिचचं लोखंड ४० धरा. बेरीज १,१००. उरले १५०, त्यात सहा जणांच्या बॅगा, कूलर आणि आईने बरोबर घेतलेला फराळाचा डबा.

थोडक्यात, ट्रेलर ओढायची ताकद शिल्लक असते, पण व्हॅन आधीच भरलेली असते. मॅन्युअलमधला मोठा आकडा सहसा गाडीत एक-दोन माणसं आहेत असं धरून दिलेला असतो. होंडाने तर ओडिसीच्या मॅन्युअलमध्ये माणसं वाढतील तसा ट्रेलरचा आकडा उतरता दिला आहे.

ट्रेलरच्या बाजूनेही अशीच फसगत होते. कॅम्परच्या जाहिरातीत रिकामं वजन असतं. गॅसची टाकी, बॅटरी, भांडीकुंडी, पाणी त्यात नसतं, आणि पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा. भाड्याने ट्रेलर देणाऱ्या यू-हॉलचा पाच बाय आठ फुटी बंद ट्रेलर रिकामा ९०० पौंडांचा आहे आणि भरून जास्तीत जास्त २,७०० चा. व्हॅनला हा झेपतो. सहा बाय बारा फुटीचा भरून ४,४०० होतो. तो कुठल्याच मिनीव्हॅनचं काम नाही, दुकानातल्या माणसाने काहीही सांगितलं तरी.

मिनीव्हॅन बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. मागे भार बसला की नाक वर उचललं जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं त्यांचीच पकड सुटते. तळ्याकाठच्या ओल्या उतारावर बोट बाहेर काढताना हे हमखास अनुभवायला मिळतं.

हिच दिसली की निश्चिंत होणं

हिच म्हणजे बंपरखाली बोल्ट केलेलं लोखंड. ती कुणीही दोनशे-तीनशे डॉलरमध्ये लावून घेतो. तिच्यावर लिहिलेला आकडा तिचा स्वतःचा असतो, गाडीचा नाही. दोन इंची रिसीव्हर (हिचची चौकोनी नळी) लावल्याने गाडीची ताकद वाढत नाही.

टो पॅकेजचा जीव असतो कूलिंगमध्ये. ग्रँड कॅरव्हॅनच्या पॅकेजमध्ये ट्रान्समिशन ऑइलचा वेगळा कूलर, जास्त क्षमतेचं कूलिंग आणि गाडीचा मागचा भाग समपातळीत ठेवणारे शॉक असतात. हे शॉक महाग असतात आणि जुन्या गाडीत दम गेलेले सापडतात. गाडी रिकामी असतानाही मागून खाली झुकलेली दिसली तर तिथे संशय घ्या. ओडिसीला ३,५०० चा आकडा गाठायला ट्रान्समिशन कूलरचा किट लावावा लागतो. ग्रिलमधून टॉर्च मारून बघा, मोठ्या रेडिएटरच्या पुढे छोटा कूलर दिसतो का. क्रायस्लर-डॉजच्या गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की कारखान्यातून ती काय काय घेऊन निघाली याची यादी मिळते.

हिच असेल तर तिच्याकडे जरा निरखून बघा. 'आम्ही फक्त सायकलचा रॅक लावायचो' हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. सायकल रॅकला बॉल (ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा) लागत नाही, तो सरळ रिसीव्हरमध्ये बसतो. तेव्हा बॉल लावलेला असेल, वरचा क्रोम एका बाजूने घासून गेला असेल आणि खाचेत काळं ग्रीस साचलं असेल, तर गाडीने ओढलंय आणि बऱ्यापैकी ओढलंय. तेवढ्याने गाडी नापास होत नाही. पण ट्रान्समिशन ऑइल कधी बदललं याची पावती मागा आणि विक्रेत्याच्या बाकीच्या बोलण्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नका.

वायरिंगही बघा. दिव्यांसाठी चार पिनांचं कनेक्टर पुरतं. ब्रेक असलेल्या ट्रेलरला सहसा सात पिनांचं आणि आत ब्रेक कंट्रोलर लागतो, आणि मिनीव्हॅनमध्ये ती सोय सहसा नसतेच. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात कॅम्पर ट्रेलरला १,५०० पासूनच. हा खर्च किमतीत धरा.

'होंडा-टोयोटा आहे, काय बघायचं?'

बघायचं, आणि नीट बघायचं. १९९९ ते २००४ च्या ओडिसींची ट्रान्समिशनं कुप्रसिद्ध आहेत. ती स्वस्तात मिळाली तरी ओढायच्या कामाला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओडिसीच्या व्ही-सिक्सला टायमिंग बेल्ट असतो, साधारण एक लाख मैल किंवा सात वर्षांनी बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. ८५ ते ९५ हजार मैलांना विकायला काढलेली ओडिसी दिसली की मला पहिला संशय बेल्टचाच येतो. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि हजारभर डॉलर किमतीतून कमी करायला सांगा.

२००७ पासूनच्या सिएनाला टायमिंग चेन आहे, ती डोकेदुखी नाही. पण तिच्या ऑल-व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये बरीच वर्षं रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे) टायर यायचे आणि स्टेपनी नसायची. २०११ ते २०१६ च्या सिएनांवर सरकत्या दारांचा मोठा रिकॉल झाला, दार चालत्या गाडीत उघडण्याच्या धोक्यामुळे. ग्रँड कॅरव्हॅनच्या ३.६ लिटर इंजिनात ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं, आणि वरून टिकटिक आवाज येत असेल तर रॉकर आर्म तपासून घ्या. २०१७-१८ च्या पॅसिफिका हायब्रिडवर २०२२ मध्ये आगीच्या धोक्याचा रिकॉल निघाला, गाडी घरापासून लांब उघड्यावर उभी करा असं मालकांना कळवलं होतं. एनएचटीएसए या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन टाका, राहिलेले रिकॉल फुकट दिसतात आणि डीलर ते फुकट दुरुस्त करून देतो.

गरम गाडी बघून परत येणं

विक्रेत्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिनाचा पहिला मिनिटभराचा आवाज आणि धूर बरंच काही सांगून जातो.

वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड तो वाचतो. कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. 'रेडीनेस मॉनिटर', म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत, किंवा बॅटरी काढून लावली आहे. अशा गाडीला आठवड्याने परत बघा, नाहीतर सोडा.

चालवताना रिव्हर्समधून ड्राइव्हला टाका. गिअर पकडायला क्षणभर उशीर होऊन धक्का बसतोय का? ताशी ३० ते ४५ मैलांत हलका पाय ठेवल्यावर रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते का? आली तर ट्रान्समिशन ऑइल तरी खराब झालंय, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ट्रान्समिशन यांना जोडणारा भाग). डिपस्टिक असेल तर ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टिपा. लालसर चालेल, तपकिरी आणि करपलेल्या वासाचं नको. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे मेकॅनिकने गाडी वर घेऊनच बघायचं.

मागचा एसी वेगळा तपासा. पुढे थंडगार हवा येते आणि तिसऱ्या रांगेत बाबा घामाघूम बसतात, याचं कारण बऱ्याचदा गाडीखालून मागे जाणाऱ्या लांब नळ्या असतात. मिशिगन, ओहायोसारख्या मिठाच्या रस्त्यांच्या राज्यांत त्या गंजून गळतात. दोन्ही दारं रिमोटने, बटणाने आणि हाताने, तिन्ही प्रकारे उघडून बघा.

एवढं पार पडलं की गाडी आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे न्या. शंभर-दोनशे डॉलर लागतात. विक्रेता नेऊ देत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघा. टायटलवर (मालकीच्या कागदावर) 'सॅल्व्हेज' किंवा 'रिबिल्ट', म्हणजे मोठ्या नुकसानीत निकामी ठरलेली किंवा त्यानंतर दुरुस्त केलेली, असा शेरा असेल तर ओढायच्या कामासाठी विचारही नको.

आणि वर्षातून एकदा गणपतीला, एकदा घर बदलताना, एवढंच ओढायचं असेल तर हा सगळा खटाटोप ट्रेलरसाठी करू नका. त्या दिवसापुरता पिकअप भाड्याने घ्या, सामान त्यात टाका आणि व्हॅन फक्त माणसांसाठी निवडा. मग १,५०० पौंडांची हायब्रिड सिएनाही यादीत परत येते, आणि पेट्रोलच्या हिशेबात ती जुन्या व्ही-सिक्सपेक्षा खूपच परवडते.