विमानाच्या अंतरावरून प्रवासाचा वेळ काढताय? या चुका टाळा

अंतर काढा, ताशी ९०० किमीने भागा, झाला प्रवासाचा वेळ. हा हिशेब लोकांच्या डोक्यात कोणी भरवला कुणास ठाऊक, पण तो काही निघता निघत नाही.

अंतर सांगणारी साइट पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मोजते. विमान त्याच मार्गाने जाईल याची खात्री कोण देणार? हेलसिंकी ते टोकियो अंतर साधारण ७,८०० किमी, म्हणजे भागाकाराने पावणेनऊ तास. पण २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झालं. तेव्हापासून त्यांची विमानं वळसा घालून जातात आणि सुमारे १३ तास घेतात.

ओळखीतल्या एका गृहस्थांना टोकियोहून हेलसिंकीमार्गे स्टॉकहोमला जायचं होतं. सेल दिसला म्हणून त्यांनी हेलसिंकी-स्टॉकहोमचं तिकीट आधी काढून टाकलं. टोकियोचं ‘नंतर बघू’. भागाकार केला, वर दोन तास धरले आणि निर्धास्त झाले. मग वेळापत्रक उघडलं! पहिलं विमान उतरायच्या आधीच दुसरं उडालेलं असणार होतं. स्वस्तातलं तिकीट, त्यामुळे परतावा शून्य. ‘काही करता येईल का?’ म्हणून मला फोन. काय करणार? नवं तिकीट काढा म्हटलं.

माझी सवय सांगतो. लांबचा टप्पा आधी ठरवायचा, आणि ट्रॅकिंगच्या साइटवर त्याच उड्डाणाला गेल्या आठवड्यात रोज किती वेळ लागला ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर असतो कुणाला!

जाताना लागला तेवढाच वेळ येताना लागेल, हेही डोक्यातून काढा. न्यूयॉर्क-लंडन सुमारे सात तास, उलट दिशेने आठ. जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच जोरात.

दुसरा लाडका घोटाळा म्हणजे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी. दोन्ही वेळा स्थानिक असतात हो! टोकियोहून रात्री ९ ला निघून होनोलुलूला त्याच तारखेला सकाळी ९ ला पोहोचता येतं. मग काय, निघण्याआधी १२ तास पोहोचलात? दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत लिहा: टोकियोचे दुपारचे १२, होनोलुलूचे संध्याकाळचे ७. प्रवास सात तासांचा. मी हे कागदावरच करतो, तोंडी नाही.

अंतर मैलांत दिलं असेल तर कोणता मैल ते बघा. विमानं-जहाजं वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ चा. आकड्यापुढचं एकक वाचा.

वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीकडे रांगेत सरकणंही त्यात आलं.

आणि शहराचं नाव टाकून अंतर शोधू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडातही आहे. पहिलीचा कोड एसवायडी, दुसरीचा वायक्यूवाय.