मादागास्करची तयारी: थोडं सामान, दुप्पट दिवस

"मादागास्करला जायचं ठरतंय, काय काय न्यायचं त्याची यादी पाठव ना." असा मेसेज आला की मी आधी विचारते, सुट्टी किती दिवसांची आहे? उत्तर 'दहा' असेल तर यादी पाठवत नाही. मॉरिशसला जा म्हणते. चेष्टा म्हणून नाही. आम्ही सहा जण गेलो होतो आणि त्यातल्या दोघांनी परतताना विमानतळावरच जाहीर करून टाकलं की पुन्हा या देशाचं नाव काढायचं नाही. दोघेही फिरलेले, काटक, कुरकुर न करणारे. त्यांच्या बॅगेत काहीही कमी नव्हतं. कमी पडले ते दिवस.

म्हणून यादीत पहिलं कॅलेंडर. नकाशात आफ्रिकेशेजारी हे बेट चिमुकलं दिसतं, पण त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि रस्ते आपल्या एखाद्या दुर्गम तालुक्यातले, तेही पावसाळ्यानंतरचे. राजधानी अंतानानारिवो (तिथे सगळे 'ताना' म्हणतात) ते नैऋत्य किनाऱ्यावरचं तुलेआर हा राष्ट्रीय महामार्ग सात, सुमारे साडेनऊशे किलोमीटर. हा त्यातल्या त्यात चांगला रस्ता! तरी नीट बघत जायचं तर आठवडा जातो. आपल्याकडे 'पुणे-नागपूर एका रात्रीत' असं मोजायची सवय असते, ती विमानात बसण्याआधी उतरवून ठेवा. इथे रात्रीचा प्रवास करायचाच नाही. खड्डे, बिनदिव्यांच्या बैलगाड्या आणि काही भागांत 'दाहालू' म्हणजे गुरं पळवणाऱ्या सशस्त्र टोळ्या, एवढी कारणं पुरेत. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, मग दिवसाचे तास उरतात किती? गूगल नकाशा जे तास दाखवेल त्यात निम्मे आणखी मिळवा, आणि जी ठिकाणं ठरवली असतील त्यातली निम्मी खोडा. हे खोडणं सगळ्यात जड जातं. आमच्या गटात त्यावरून घरीच भांडण झालं आणि कुणीच काही खोडलं नाही, त्याची फळं पश्चिम किनाऱ्यावरच्या मोरोंदावा गावाच्या पुढे मिळाली.

मोरोंदावाहून बेकोपाकाला जायचं होतं. तिथे त्सिंगी दे बेमाराहा आहे, चुनखडीच्या सुळक्यांचं रान, १९९० पासून जागतिक वारसा यादीत. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. सकाळी अंधारात निघालो. वाटेत त्सिरिबिहिना नदी आली, पूल नाही. दोन होड्यांवर फळ्या ठोकलेला तराफा, त्यावर गाड्या चढवतात. आमच्या पुढे पाच गाड्या, तराफ्याचं इंजिन बंद. चालक खाली उतरून झाडाखाली शांतपणे आडवा झाला. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाला, "मुरा मुरा." लिहितात 'मोरा मोरा', अर्थ हळूहळू, सावकाश. हे दोन शब्द तुम्हाला रोज ऐकू येतील. आमच्यातले एक जण तिथे जे तापले ते संध्याकाळी बेकोपाकाला पोचेपर्यंत निवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून, लोखंडी तारेला आकडे अडकवत, करवतीसारख्या दगडांच्या टोकांवरून चालताना मात्र त्यांच्याही तोंडून शब्द फुटेना. त्सिंगी म्हणजेच चवड्यांवर चालणं. पण तिसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच नदी, परत! ही परतीची वाट लक्षात घेऊनच दिवस मोजा. आणि डिसेंबर ते एप्रिल हा रस्ता पावसाने बंदच असतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा देशातच जाऊ नका. मे ते ऑक्टोबर बरा.

दुसरी तयारी डोक्यातली. मादागास्कर म्हटलं की मनात घनदाट हिरवं जंगल येतं. प्रत्यक्षात महामार्गावरून तासन्‌तास दिसतात त्या उघड्या, गवताळ, ठिकठिकाणी जळलेल्या टेकड्या आणि कोकणासारखी लाल माती. डोंगर जाळून भात लावायची जुनी रीत आहे, शिवाय स्वयंपाक कोळशावर. जंगल उरलंय ते तुकड्या-तुकड्यांनी, राष्ट्रीय उद्यानांमध्ये. तिथेही सिंह, हत्ती, जिराफ यांतलं काही नाही. लेमूर आहेत, शंभराहून जास्त जातींचे, आणि गिरगिट आहेत, अगदी नखावर मावतील एवढेसुद्धा. सफारीच्या जीपमधून हे दिसत नाही. वाटाड्याच्या मागे पायी चिखल तुडवावा लागतो. उद्यानात वाटाड्या घ्यावाच लागतो, त्याचे पैसे प्रवेश शुल्कापेक्षा वेगळे. तानाच्या पूर्वेला दीडशेएक किलोमीटरवर आंदासिबे आहे, तिथे भल्या सकाळी जा आणि मोबाइल खिशात ठेवा. इंद्री नावाचा सगळ्यात मोठा लेमूर तिथे असतो. आधी वर झाडाच्या शेंड्यात काळं-पांढरं काहीतरी हलतं. मग लांबून एक सूर येतो, शंख फुंकावा तसा, पण वळणं घेत जाणारा. त्याला दुसऱ्या डोंगरावरून उत्तर मिळतं, आणि मग आपल्या डोक्यावरचा तो सुरू होतो. इतक्या जवळून, की छातीत घुमतं.

रस्त्यातली गरिबी ही मात्र सफारीच्या माहितीपत्रकात नसते. जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी हा एक. शाळेच्या वयाची पोरं महामार्गावरच्या खड्ड्यांत फावड्याने माती लोटत असतात, गाडी जवळ आली की बाजूला होऊन हात पुढे करतात. आमचा चालक दरवेळी खिडकीतून छोटी नोट टाकायचा. पुढच्या गाडीने माती उडाली की पोरं पुन्हा तोच खड्डा भरायची. काय करायचं, देणार की नाही, किती, हे गटाने आधी बोलून घ्या. भर रस्त्यात त्यावर वाद घालणं फार वाईट दिसतं. मी चालकाकडे सुट्टे देऊन ठेवत होते, त्याला कुठे द्यायचे ते कळतं.

पैशांचं सांगते. चलन आरियारी. एका रुपयाला साधारण पन्नास, आणि सगळ्यात मोठी नोट वीस हजारांची, म्हणजे आपले चारशे रुपये. तीनशे युरो बदलले की हातात विटेएवढं बंडल येतं. कमरेच्या पाकिटात ते मावत नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवायला साध्या कापडी पिशव्या न्या. युरो रोख न्या, नोटा कोऱ्या. राजधानीबाहेर कार्डावर विसंबू नका. मोठ्या गावांत एटीएम आहेत, पण वीज गेली की तेही गेले. आणखी एक गंमत. २००५ पासून अधिकृत चलन आरियारी असलं तरी खेड्यांतल्या बाजारात म्हाताऱ्या बाया अजून जुन्या फ्रँकमध्ये भाव सांगतात, तो पाचपट असतो. केळ्यांचा भाव ऐकून मी टोपली खाली ठेवून निघाले होते, चालकाने हसत परत बोलावलं.

कागदपत्रांत फार काही नाही. भारतीयांना विमानतळावर पोचल्यावर व्हिसा मिळतो, शुल्कासाठी युरो हाताशी ठेवा. थेट विमान नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस सरकारी केंद्रावर निदान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. परतताना आपल्याच विमानतळावर ते विचारतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरिया सगळीकडे आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून जायच्या आधीपासून सुरू करा. नद्या-तळ्यांत पोहायचं नाही, पाण्यातल्या कृमींचा रोग होतो. राजकारणावरही नजर ठेवा. २५ सप्टेंबर २०२५ ला वीज आणि पाण्याच्या टंचाईवरून तानात तरुण रस्त्यावर उतरले, आणि तीन आठवड्यांच्या आत अध्यक्ष देशाबाहेर आणि सत्ता लष्कराच्या हातात, असं झालं. निघायच्या आठवड्यात तिथल्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा आणि आपली नावं कळवून ठेवा.

भाषा मालागासी, शहरात फ्रेंच. इंग्रजी जवळजवळ नाहीच. भाषेचं मूळ आफ्रिकेत नसून बोर्निओत आहे, तिथून होड्यांनी आलेल्या माणसांनी ती आणली आणि बहुधा भातशेतीही. 'सलामा' म्हणजे नमस्कार, 'मिसाओत्रा' म्हणजे आभार, आणि सगळ्यात कामाचा शब्द 'अझाफाडी'. गर्दीत वाट मागायला, क्षमा मागायला, काही विचारायच्या आधी, सगळीकडे चालतो. त्यात 'फाडी' आहे, म्हणजे निषिद्ध, आपल्या विटाळ-सोवळ्यासारखं काहीतरी. मला फाडी न लागो, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. प्रत्येक गावाचे फाडी वेगळे. कुठे अमुक दिवशी शेतात जायचं नाही, कुठे अमुक प्राणी खायचा नाही. थडग्याकडे सरळ बोट दाखवायचं नाही, बोट वाकवून दाखवायचं. पूर्वजांचा मान तिथे फार मोठा. गावात शिरताना आधी वाटाड्याला विचारा, फोटो त्यानंतर.

खाण्याबद्दल मराठी माणसाला वाटते तेवढी भीती नको. हे लोक तिन्ही त्रिकाळ भात खातात, आणि भात खाल्ला नाही तर जेवलोच नाही असं म्हणतात. तेव्हा मेतकूट न्या! डबाभर न्या. तूप छोट्या बाटलीत, लिंबाचं लोणचं पाऊचमध्ये. आंब्याचं लोणचं तिथेही मिळतं आणि त्याला म्हणतात 'अशार', आपलं अचारच ते. शाकाहारींनी 'त्सी मिहिनाना हेना आहू', मी मांस खात नाही, हे पाठ करावं आणि कागदावर लिहूनही ठेवावं. घेवड्याची उसळ आणि पालेभाज्या मिळतात, पण पालेभाजीतही कधी मांसाचा तुकडा निघतो. कसाव्याच्या पाल्याचं 'रावीतूतू' तर बहुतेक डुकराच्या मांसाबरोबरच शिजवतात. रस्त्यावरचा समोसा पाहून हुरळू नका, नाव 'सांबूस' आणि आत खिमा. प्यायला मात्र एक गोष्ट चुकवू नका. भात काढला की पातेल्याच्या बुडाशी राहिलेली खरवड तशीच आणखी भाजतात, तिच्यावर पाणी ओतून उकळतात आणि ते तपकिरी पाणी जेवणाबरोबर देतात. 'रानूवूला' म्हणतात. जळक्या भाताचा वास, जिभेवर किंचित कडू, पोटाला शांत. उकळलेलं असल्याने बाटलीच्या पाण्याची चिंताही तेवढी कमी.

बॅग लहान ठेवा, चाकांची नको, पाठीवरची. जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर जाड स्वेटर हवाच, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अंतसिराबे दीड हजार मीटर उंचीवर आहे, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि लॉजमध्ये हीटर नसतो. आम्ही तिथे सगळे कपडे एकावर एक घालून झोपलो. कपाळावर बांधायचा दिवा आणि भरलेली पॉवर बँक घ्या, वीज रोज जाते. प्लग फ्रेंच पद्धतीचे, आपल्या चार्जरच्या दोन गोल पिना त्यात बहुतेक बसतात, तीन पिनांना अडॅप्टर लागेल. इलेक्ट्रॉल, पोटाच्या गोळ्या आणि रोजची औषधं दुप्पट न्या, गावांत मिळत नाहीत. कंबरदुखी असलेल्यांनी पट्टा न्यावा आणि डॉक्टरांशी खरं बोलावं. माझ्या मते ज्यांना मणक्याचा त्रास आहे, पाच वर्षांच्या आतलं मूल बरोबर आहे, किंवा वेळापत्रक बिघडलं की ज्यांचा दिवस बिघडतो, त्यांनी पैसे वाचवावेत. यात कमीपणा काही नाही.

वेळ मिळाला तर रस्त्याकडेला उतरून झाडं बघा. आपल्याकडे मे महिन्यात पेटणारा गुलमोहर मूळचा इथला, आणि तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुलीही इथलीच. त्याच सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिनक्रिस्टीन बनतं. आमच्यातल्या एक काकू रेताड बांधावर सदाफुली पाहून मटकन खाली बसल्या, "अगं, ही माहेरी आली की!" सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते, हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मग तेव्हा रस्ते बरे असतील.

शेवटचं म्हणजे परतीच्या विमानाआधीचे दोन पूर्ण दिवस तानात मोकळे ठेवा. देशातलं विमान रद्द होतं, तराफा बंद पडतो, टायर फुटतो, यातलं एक तरी होणारच. आमची तिन्ही झाली आणि आम्ही एकच दिवस राखला होता, त्यामुळे विमान चुकलं आणि नवीन तिकिटं काढावी लागली. काहीच बिघडलं नाही तर ते दोन दिवस वाया जात नाहीत. शेंगदाणे, केळी आणि तांदळाच्या पिठाचा केळीच्या पानात बांधून शिजवलेला 'कूबा' खा, उंचावरच्या जुन्या वस्तीत दिवसाउजेडी फिरा, बाजारात पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि कपडे धुवायला टाका. लाल माती दोन धुण्यांत निघत नाही. पांढरे मोजे नेऊ नका.