डायल ११२ च्या आधुनिकीकरणावर देखरेख कशी ठेवावी

११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या महाराष्ट्रातील कॉलचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरे नागपूरला. नवी यंत्रणा बसली की आढावा बैठकीत सरासरी प्रतिसाद वेळेचा आकडा हमखास समोर येतो. तो आधी बाजूला ठेवा. समजा, शहरातल्या ८ कॉलना ५ मिनिटांत मदत पोहोचली आणि डोंगरातल्या वाड्यांवरच्या २ कॉलना ५० मिनिटे लागली, तर सरासरी १४ मिनिटे येते. १४ मिनिटे मात्र यातल्या एकाही माणसाला लागलेली नाहीत. म्हणून दहापैकी नऊ कॉलना जास्तीत जास्त किती वेळ लागला हे विचारा, आणि तेही पोलीस ठाणेनिहाय.

मग एकेका कॉलच्या नोंदी उघडा. उदाहरणार्थ: रिंग २३:१४:०५, कॉल उचलला २३:१४:१९, इव्हेंट (घटनेची नोंद) तयार २३:१६:०२, पोलीस गाडीतल्या एमडीटीवर (कॉलची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनवर) पोहोचला २३:१६:४०, पोलिसांनी स्वीकारला २३:१९:५५, गाडी घटनास्थळी २३:३१:१०. घड्याळ एमडीटीपासून धरले तर १४ मिनिटे ३० सेकंद, पहिल्या रिंगपासून धरले तर १७ मिनिटे ५ सेकंद. मार खाणाऱ्या बाईच्या दृष्टीने दुसराच आकडा खरा. कंत्राटदाराबरोबरच्या करारात वेळ पहिल्या रिंगपासून मोजायची असे स्पष्ट लिहून घ्या. याच नोंदीत आणखी एक दुखणे दिसते: इव्हेंट स्क्रीनवर येऊनही तो स्वीकारायला ३ मिनिटे १५ सेकंद गेली. हा दोष सॉफ्टवेअरचा की गाडीत माणूस नसल्याचा, हे त्या पाळीच्या हजेरीवरून कळते. सर्व्हर आणि एमडीटी यांची घड्याळे एकाच वेळेला जुळवलेली आहेत ना, हे मात्र त्याआधी पाहा. नाहीतर पुढचा सगळा हिशेब वाया.

दर महिन्याला प्रत्येक जिल्ह्यातून ५० इव्हेंट चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यातले निम्मे रात्रीचे घ्या. ‘पोहोचलो’ बटण दाबले त्या क्षणी गाडीचे जीपीएस कुठे होते ते पडताळा. निघतानाच बटण दाबण्याची सवय यात लगेच उघडी पडते. उलटही घडते: घाटात नेटवर्क नसल्याने गाडी पोहोचूनही नोंद उशिरा चढते. अशा वेळी कर्मचाऱ्याला नोटीस देण्यापूर्वी गाडीचा पूर्ण मार्ग बघा.

उचलण्याआधीच कटलेले किंवा मुके कॉल अहवालातून गाळू देऊ नका. मोबाइलचे पॉवर बटण चुकून लागोपाठ दाबले जाऊन ११२ लागल्याने पुष्कळ मुके कॉल येतात हे खरे, पण लपून बसलेला माणूसही बोलत नाही. अशा कॉलचा रकाना वेगळा ठेवा आणि किती जणांना परत फोन केला ते मागवा.

सीमाभागाची चाचणी स्वतंत्र घ्या. दूरसंचाराच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये (सेवा क्षेत्रात) गोवाही येतो, मुंबईचे सर्कल मात्र वेगळे. त्यामुळे नुसत्या सर्कलवरून कॉल वळवला तर घोळ होतो, टॉवरनिहाय यादी लागते. बांदा, दोडामार्ग, तलासरी, चंदगड इथून प्रत्येक मोबाइल कंपनीच्या सिमवरून, केंद्राला आधी कळवून, चाचणी कॉल करा. कॉल कुठल्या राज्यात लागला आणि नकाशावर ठिकाण किती अंतराने चुकले, दोन्ही लिहा. टॉवरवरून काढलेले ठिकाण गावाकडे काही किलोमीटरनेही चुकते. म्हणून कॉल घेणाऱ्याने गाव, वाडी, जवळची खूण विचारलीच पाहिजे.

यंत्रणा ९९.५ टक्के वेळ चालू राहील ही हमी ऐकायला भक्कम वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ ३ तास ३६ मिनिटे बंद असा होतो. ९९.९ टक्के असेल तर ४३ मिनिटे. दुरुस्तीसाठी आधी सांगून बंद ठेवलेला वेळ यात धरला आहे का, हे विचारा.

नागपूरचे राखीव केंद्र खरेच उभे राहते का, हे मुख्य केंद्र बंद करूनच कळते. अमेरिकेत एप्रिल २०१४ मध्ये कोलोरॅडोतल्या इंगलवूड येथील ९११ केंद्रात कॉलला अनुक्रमांक देणाऱ्या सॉफ्टवेअरची मोजणी ठरलेल्या मर्यादेला भिडली आणि क्रमांक देणे थांबले. केंद्र चालू दिसत होते, त्यामुळे कॉल आपोआप दुसरीकडे वळले नाहीत. ७ राज्यांतले ६,६०० हून अधिक कॉल लागलेच नाहीत. तेव्हा सरावात वीज तोडण्यावर थांबू नका. सर्व्हर चालू ठेवून फक्त कॉल वळवणारा भाग बंद पाडा. नागपूरला पहिला कॉल किती सेकंदांत उचलला गेला ते मोजा. सराव पहाटे कॉल कमी असताना घ्या आणि परतीची वाटही तपासा, कारण मुख्य केंद्राकडे परत येताना अर्धवट इव्हेंट हरवतात.

ही तपासणी कंत्राटदाराच्या डॅशबोर्डवरून करू नका. मूळ नोंदी शासनाच्या मालकीच्या आणि थेट उतरवून घेता येण्याजोग्या हव्यात. कंत्राटदाराच्या बिलाचा हप्ता स्वतंत्र संस्थेच्या चाचणी अहवालानंतरच सोडावा.

नागरिकांना या नोंदी माहिती अधिकारातून मागता येतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘११२ ची सर्व माहिती’ असे मागू नका. एक पोलीस ठाणे, एक महिना आणि वरच्या उदाहरणातल्या सहाही टप्प्यांच्या वेळा मागा. फोन करणाऱ्यांची नावे व क्रमांक वगळून द्या असे स्वतःच लिहा. सुरक्षेचे कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील करा.